जानव्याची किल्ली

अण्णा, उद्या सकाळी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, आता ही नेहमीची गोष्ट आहे, दीड महिन्यात कामावर जाल. मी भीत नाही असं घरी सांगितलं आहे. पण गेले चार दिवस मला ऑपरेशनपेक्षा गोरव्यातल्या आमच्या कारखान्यातल्या एका डिस्कची काळजी जास्त वाटते, आणि ती तुमच्याशिवाय कोणाला समजेल असं वाटत नाही.

तुमच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून मी काम करतो. इथली ड्रॉइंग आता कागदावर नसतात, लिनक्सवर चालणाऱ्या एका सर्व्हरमध्ये असतात. गिऱ्हाइकांची अट आहे की मशीन चोरीला गेलं तरी ती कोणाला उघडता येऊ नयेत. म्हणून डिस्कचा तो भाग एन्क्रिप्ट केलेला आहे. पासवर्ड दिल्याशिवाय तिथे नुसता केरकचरा दिसतो. वीज गेली आणि मशीन पुन्हा सुरू झालं की ते पासवर्ड मागत थांबतं. आठ वर्षं तो मीच टाकतो. आमच्या शेठनी दोनदा मागितला, दोन्ही वेळा मी विषय बदलला. उद्या मी टेबलावर असताना वीज गेली तर कारखाना उभा राहील, आणि मी उठलोच नाही तर ती ड्रॉइंग कायमची गेली.

तुमच्या टूलरूमची किल्ली तुम्ही जानव्याला बांधायचात. आंघोळीलाही ती अंगावर असायची. लहानपणी एकदा शाळेच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन येतो, तुम्ही घाईत मशीनशॉपकडे जाता आणि कुलूप लावायला मला सांगता. मी लावतो, आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगतो. परत आल्यावर तुम्ही ती काढून हातात धरता. "कुलपाशेजारीच किल्ली टांगायची, तर कुलूप कशाला लावलंस?" चार कामगार ऐकत होते. मग किल्ली पुन्हा जानव्याला बांधलीत आणि मला सायकलवर मागे बसवून घरी आणलंत.

तीच चूक मी परवा पुन्हा केली. मशीनने माझ्याशिवाय उघडावं म्हणून एक की-फाइल तयार केली. ती नुसत्या अर्थहीन अक्षरांची असते. डिस्कला ती दुसरी किल्ली म्हणून ओळखायला लावली, आणि सुरू होताना ती कुठे शोधायची ते एका ओळीत लिहून ठेवलं. फाइल ठेवली त्याच मशीनच्या उघड्या भागात. मशीन बंद करून चालू केलं, काही न विचारता ड्रॉइंग उघडली. माझ्यासोबत काम करणाऱ्या गुजराती बेन खूश झाल्या. मला मात्र तो खिळा दिसला. चोर मशीन नेईल तर किल्लीही सोबतच नेईल. मी ती फाइल पुसली, नवी करून ती डिस्कला ओळखायला लावली आणि पेन ड्राइव्हवर ठेवली. सुरू करताना तो लावायचा, उघडलं की काढून घ्यायचा.

आज दुपारी शेवटची चाचणी केली. पेन ड्राइव्ह लावला, मशीन सुरू केलं. ते थांबून राहिलं. मिनिट झालं, दीड मिनिट झालं, आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी ओळ आली. मी टाकला, चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. आठ वर्षं तो माझ्या बोटांतच होता. आठवायला गेलो तर डोक्यात नव्हताच. बेन मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाई, हुं बहार जाऊं छुं. तमे शांतीथी करो." मला निवांतपणे करू द्यायला त्या बाहेर गेल्यावर मी डोळे मिटले आणि बोटांना टाकू दिलं. उघडलं. किल्ली कुठे शोधायची त्या ओळीत नव्या फाइलची जागा मी लिहिलीच नव्हती. ती लिहिली, पुन्हा चालू केलं, या वेळी ते आपोआप उघडलं.

पेन ड्राइव्ह आजच बेनना द्यायचा, असं ठरलं होतं. त्यांनी हात पुढे केला होता. मी म्हणालो, एकदा तपासतो, आणि खिशात घालून घरी आलो. आता तो या कागदाशेजारी आहे.

तुमच्या आजारपणात इस्पितळात तुम्ही जानव्याची गाठ सोडलीत आणि किल्ली मला दिलीत. म्हणालात, "दुसऱ्या कोणाकडे नको, आमच्या साहेबांच्या हातात दे. आजच." मी बाहेर पडलो, दांडिया बाजारापर्यंत गेलो, एका देवळाच्या पायरीवर बसलो आणि परत आलो. तुम्ही विचारलंत, "दिलीस?" मी म्हणालो, "दिली." तुम्ही डोळे मिटलेत, तोंडावरचा ताण उतरला. पहाटे तुम्ही गेलात.

बेन दांडिया बाजारातच राहतात. आताच त्यांना फोन केला; सकाळी इस्पितळात जाताना पेन ड्राइव्ह द्यायला रिक्षा त्यांच्या दारात थांबवीन. हे पत्र कपाटात ठेवतो, तिथे तुमची ती किल्लीही आहे. टूलरूमचं कुलूप तुमच्या कारखान्यातल्या लोकांना गॅसने कापावं लागलं, अण्णा. किल्ली दिली तर तुम्ही परत कामावर जाणार नाही, असं मला वाटलं होतं.