चार्जर इंजिनावरचाच

५ एप्रिल, रविवार
लिही सुरेखा. नवऱ्याविरुद्ध हाय म्हणून एक शब्द गाळायचा न्हाय. मला वाचता येत न्हाय, पण दीपा शनिवारी आली की तिच्याकडनं वाचून घेणार. नात हाय माझी, सुनेला सामील व्हायची न्हाय.

आज परत भांडण. बाळूनं बसची ड्रायव्हरकी संपल्यावर जुना टेम्पो घेतला, त्याची घरगाडी केली. दोन खाटा, शेगडी, खाटेखाली दोन लिथियमच्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. सगळ्याला जागा झाली, आईला न्हाय. म्हणतो, तुझं ऑक्सिजनचं मशीन भिंतीवरच्या करंटचं हाय.

मशीन भिंतीचं, म्हणून मी पण भिंतीची. म्हशीला तरी दावणीवरनं सोडून पाण्यावर नेत्यात.

मला गोंदियाकडच्या रानात जायचंय. पन्नास वर्सं निपाणीत विड्या वळल्या. तेंदूचं पान तिकडनं यायचं, पोत्यातनं, वाळलेलं. भिजवलं, कातरलं, वळलं. झाड कसलं असतंय, न्हाय बघितलं. उन्हाळ्यात पान तोडत्यात, मे सरला की संपलं. पुढच्या उन्हाळ्याचं मला विचारू नका.

७ एप्रिल, मंगळवार
मशीन बॅटरीवर चालव म्हणून मी हट्ट धरला, तवा बॅटरी भरायला बाळूनं चिकोडीचा इराप्पा आणला. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरणारा, हाताचा चांगला माणूस. निळ्या बॅटरीला चहूबाजूंनी फिरला. "आज्जी, पाणी घालायचं भोक कुठाय हिचं?"

मी म्हटलं, बघ घावतंय का, न्हायतर ते पाणी चुलीवर ठेव, मी सकाळपासनं चहाबिगर हाय.

मग त्यानं आपला ट्रॅक्टरचा चार्जर लावला, बटण जोरावर टाकलं आणि बॅटरीला कान लावून बसला. आतनं उकळ्या ऐकू आल्या की बॅटरी भरली, हे त्याचं शास्त्र. उकळी काय येईना. थोड्या वेळानं बॅटरी करंटच घेईना. इराप्पा म्हणाला, गेली.

बाळूचं तोंड असं उजळलं, जशी काय शाळेला सुट्टी पडली. (सुरेखा थांबली. लिही गं.)

११ एप्रिल, शनिवार
दीपा आली. बेळगावजवळ मच्छे गावच्या कारखान्यात करंटच्या पेट्या जोडती, इराप्पाएवढा तिचा पण हात हाय. बॅटरी तपासली. म्हणाली, खराब न्हाय. चार्जरनं जादा जोर लावला, म्हणून हिनं आतनं दार लावून घेतलं. लिथियमला लिथियमचाच चार्जर लागतो.

शहाणी बॅटरी. मला हे लग्नानंतर जमलं असतं तर लई बरं झालं असतं.

चार्जर दोन तऱ्हेचे. एक भिंतीच्या प्लगवर चालणारा, एक गाडी पळताना इंजिनाच्या डायनामोवर. खरं तर दोन्ही पायजेत. पण या महिन्यात एकच जमतोय, आणि रान काय थांबत न्हाय.

बाळू म्हणाला, भिंतीचा घेऊ. लॉजवर, धाब्यावर प्लग असतोय. रोज संध्याकाळी भिंत गाठायची.

म्हटलं, भिंतच गाठायची तर ही काय वाईट हाय? हिला निदान माझ्या हातचा चुना हाय. इंजिनावरचा घ्या.

जेवला न्हाय. मी जेवले.

१२ एप्रिल, रविवार
बेळगावला, दुकानात. बाळू प्लग दिसंल तिथं माझं मशीन लावत आलता, वाटेत तीनदा. बघ म्हटलं तुझी भिंत.

कारखान्यात माझ्या विड्या उजेडात धरून बघायचे, वाईट निघाली की छाट. आज छाटायला मी. दीपा डब्यावरचं वाचायची. एकावर लिथियम लिहिलेलं, आत लिथियमचं बटणच न्हाय. छाट. दुसरा थेट डायनामोच्या वायरीवर, मधे काय आवरायला न्हाय, बॅटरी मागंल तेवढं देत सुटणार, डायनामो जळणार. छाट. राहिले दोन, साठ अँपिअरचा आणि चाळीसचा.

दुकानदार म्हणाला, साठचा न्या आज्जी, लवकर भरतंय.

म्हटलं, तंबाखू ठासली तर विडी ओढत न्हाय. डायनामोला विचारलंस का?

दीपानं हिशेब घातला. जुना डायनामो, दिवे, पंखा... चाळीसचाच. पाच तास गाडी पळाली की रिकाम्या बॅटऱ्या भरतील, भरल्या की सात तास मशीन.

१५ एप्रिल, बुध.
चार्जर बसवला. बसवला कुणी? बाळूनंच. वायर जाड घेतली, क्लिपा सरळ रेषेत. तोंडानं न्हाय म्हणतोय, हातातला पाना व्हय म्हणतोय.

१८ एप्रिल, शनिवार
गाडी पाच तास पळवून बघायला सदलग्याला बहिणीकडं. तिथनं चिकोडी, परत, परत एकदा तिकडंच. तिसऱ्यांदा दारात बघून बहीण म्हणाली, आता काय विसरलीस? पाच तास झाले. चार्जरला उलटा हात लावला, तंबाखूच्या भट्टीला लावायचे तसा. ऊन, पण भाजत न्हाय. बॅटरी किती भरली ते दावणाऱ्या दिव्याच्या पाची दांड्या पेटल्या. आकडा कळत न्हाय, दांड्या कळत्यात.

घरी आल्यावर म्हटलं, निघायचं कधी? बाळूनं किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "मधेच बंद पडलं तर मी काय करू, आई?"

मला ठाऊक हाय हे कुठनं येतंय. दोन वर्सांपूर्वी करंट गेलता आणि मला दम लागलता, तवा यानंच उचलून दवाखान्यात पळवली. तवापासनं वारं सुटलं तरी मीटरकडं बघतोय.

म्हटलं, मग एका झाडाखाली बसव मला. पन्नास वर्सं पानं कातरली त्याची. सावली दील.



१९ एप्रिल, रविवार
सकाळी दहाला भिंतीचा प्लग मीच उपसला. मशीन गाडीत, नळी नाकात, मी खाटेवर. सुरेखा पायरीवर वही घेऊन. म्हटलं, घरात येत न्हाय.

बाळू दर तासाला येरझार. आधी रागं भरला. मग ताक आणलं. मग नुसतंच, "किती दांड्या?" दुपारी एकला तीन दांड्या हुत्या. आता चार वाजले, एकच राहिली.

म्हणाला, उतर आता. प्लग दहा पावलांवर हाय.

म्हटलं, तो चार्जर आपण घेतलाच न्हाय बाळू. ही बॅटरी आता गाडी पळाल्याबिगर भरत न्हाय. पाच तास पळाली पायजे. कुठल्या अंगाला पळवायची ते तू बघ, किल्ली तुझ्याकडं हाय.

उभा राहिला. दांडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सुरेखाला म्हणाला, वही ठेव आणि दोन पातळं भर. मी म्हटलं, एवढं लिही, मग ठेव.

घरात गेलाय, लांब गाडी हाकायचा चष्मा आणायला. जवळ जायला त्याला चष्मा लागत न्हाय.