बोटीतल्या कपाटांच्या कडा

प्रिय मास्तर,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. काय करू, लिहायला बसते आणि लगेच उठते. आत्ताही खाली कारखान्यात, मोठ्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहितेय. गोंद वाळेपर्यंत मोकळी आहे. कागदावरचे डाग माझ्या बोटांचे, चहाचे नव्हेत.

तू नव्या शाळेत रुजू झालास आणि इकडे बाबांच्या उजव्या हाताची थरथर वाढली. हाती घेतलेल्या बोटीची कपाटं कारखान्यात अर्धवट पडलेली. सांगाडे उभे, दारं कापून तयार, पण प्लायच्या कडा सगळ्या उघड्या. बाबा म्हणाले, काम परत करून टाकू. एवढं म्हणाले आणि हत्यारं आवरायला लागले. मला घरात बसवेना. खाली उतरले, रंधा उचलला आणि म्हटलं, तुम्ही सांगा, मी करते. ते हसले. "सूनबाई, हे भरतकाम नव्हे."

कडेवर चिकटवलेली पहिली लाकडी पट्टी वाकडी बसली. दुसरी तासताना हात असा घसरला की प्लायचा वरचा पातळ पदरच निघून आला. बाबा ओरडले, अगदी तुझ्यावर ओरडायचे तसे. तू तणतणत निघून जायचास. मी तिथेच उभी राहिले, कारण मला ते शिकायचंच होतं. उघडी कड स्पंजसारखी पाणी पिते रे, आणि बोटीत तर हवासुद्धा ओली. म्हणून आधी कडेला पातळ इपॉक्सी, म्हणजे पाणी अडवणारी राळ, पाजायची, मग लाकडाची पट्टी चिकटवून चिकटपट्टीने ताणून धरायची. वाळली की तासायची, आणि कोपरे गोल करायचे, कारण बोट हलली की माणूस कपाटावरच आदळतो. आता मी डोळे मिटून बोटं फिरवते आणि जोड कुठे आहे ते सापडत नाही. तेव्हा मला काय होतं, ते तुला कसं सांगू?

थांब, पट्टी सरकली का बघून येते.

नाही सरकली. उगाच उठले.

काल बोटीची मालकीण आली होती. एकेक दार उघडून, कडांवरून अंगठा फिरवून बघत होती. बाबांना म्हणाली, "तुमचा हात अजून तसाच आहे हो." मी मान खाली घालून घासतच होते. बाबांनी थरथरता हात वर केला. "हा? याने काही केलेलं नाही. हे सगळं तिचं." मग तिने आपल्या भावाच्या बोटीचं काम घेणार का, असं विचारलं. बाबांना नाही, मला.

तू लिहिलंस, घर मिळालंय, स्वयंपाकघरात उजेड छान येतो, आता सामान बांध. मी बांधलं होतं रे. पेटी भरली, उपसली, पुन्हा भरली. बाबांची तब्येत पुढे केली असती, तर तू लगेच मानलं असतंस. पण ते खरं नाही. ते स्वतः रोज म्हणतात, जा त्याच्याकडे. मलाच इथे राहायचंय, मास्तर. तुला न विचारता मी मालकिणीला हो म्हणून बसले. तू रागाव, भांड, पण सुट्टी लागली की इथे येऊन भांड. येत नाही म्हणजे तुला सोडलं असं नाही, एवढं एकच वाक्य सुचत नव्हतं, म्हणून पत्र अडलं होतं.

तुझीच,
सुतारीण