काळोखातली खाच

प्रिय आईस नमस्कार.

बाबा, हे तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि मध्ये स्वतःचं काही घालू नका.

आई, जमलं! माझ्या पेटीएवढ्या लाकडी कॅमेऱ्यातून पहिला फोटो निघाला. घरमालकीणबाई खुर्चीत बसल्या होत्या. काळ्या कापडाखाली डोकं घालून बघते तर काचेवर बाई खाली डोकं वर पाय! पण फोटोत त्यांच्या स्वेटरची वीण न् वीण उतरलीय.

आधी दर वेळी मी फिल्म उलटी भरायचे. ती पत्त्यासारखी सुटी असते, मिट्ट काळोखात भरावी लागते, आणि काळोखात माझी कशी गाळण उडते ते तुला माहीतच आहे. मग आठवलं, ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्टी असूनही तू मटार सोलतेस म्हणे. मीही डोळे मिटले आणि काम बोटांवर सोपवलं.

फार दुखतं का गं? मी वेळेवर जेवते. बहुतेक.

सोबत तो फोटो आणि एक वाया गेलेली फिल्म आहे. तिच्या कोपऱ्यातली खाच चाचपून बघ. फिल्म उभी धरल्यावर खाच वर उजवीकडे आली, की ती सुलट. फोटो आधी बाबा बघतील, पण तो जमला कसा, हे आधी तुझ्या बोटांना कळेल.

तुझी,
आता दिवा न मागणारी लेक