वाफेवर उघडलेलं पाकीट

बाबा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली आणि मी सध्या जपानमध्ये विद्यार्थी आहे. हे ऐकून तुम्ही पहिलं काय विचारलं असतं ते मला माहीत आहे. "कोणं नेलं तुले? अन् काऊन नेलं?" तुम्ही नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये कापूस पाहणारे माणूस. गाडी आत आली की शेतकरी वरचा पांढराशुभ्र कापूस दाखवायचा, आणि तुम्ही तिकडे न पाहता कोपरापर्यंत हात आत घालायचे. मधला मूठभर काढून गालाला लावायचे. ओला लागला की त्या माणसाकडे पाहत राहायचे. "दवाचा आहे जी थोडासा," तो म्हणायचा. "दव वरतून पडते का आंदरून?" तुम्ही विचारायचे, आणि हमाल हसायचे. सुट्टीत मला सोबत न्यायचे तेव्हा सांगायचे, "वरतून सगळाच कापूस पांढरा दिसते. पाहाचं असन त आंदर पाहा." मी बाकी फार काही शिकलो नाही, एवढं मात्र शिकलो.

बारावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून काढली, तीही दुसऱ्या झटक्यात. त्या कागदावर इथल्या भाषेच्या शाळेत आलो. सकाळी वर्ग असतो, दुपारून जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात काम. बाप्पा, या देशातले लोक इतके चांगले वागतात की मला झोप लागत नव्हती. खाली राहणारी म्हातारी रोज वाकून नमस्कार करते. काऊन करते? बसमध्ये विसरलेली छत्री तिसऱ्या दिवशी परत मिळाली, तर मी ती उघडून, झटकून, दांड्याचं टोक फिरवून पाहिली. माझ्या खोलीत एक नेपाळी पोरगा राहतो, आमच्याच शाळेतला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो छत्रीचा प्रकार पाहून हसून हसून लोळला. "भाई, छाता है, बम नहीं है." सुरुवातीचे सहा महिने मी त्याच्यावरही डोळा ठेवून होतो. माझा डबा तोच का धुतो, मी आजारी पडलो तर डाळभात का करून देतो, यात त्याचं काय आहे. काहीच सापडलं नाही. तरी मी पाहणं सोडलं नाही.

आता भाषेच्या शाळेची दोन वर्षं संपत आली. पुढे कुठं प्रवेश मिळाला नाही तर व्हिसा संपतो आणि माणूस जिथून आला तिथं परत जातो. गाड्या दुरुस्त करायला शिकवतात अशा एका कॉलेजात मी अर्ज केला. त्याला आमच्या मॅडमचं शिफारसपत्र लागतं. मॅडम म्हणजे पन्नाशीची बाई, चष्मा दोरीला बांधलेला, वर्गात मला डुलकी लागली की टेबलावर एकदाच बोट वाजवते. तिनं पत्र पाकिटात घातलं, तोंड चिकटवलं आणि चिकटवलेल्या जागेवर आपला छोटा लाल शिक्का मारला, अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर. मग दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं आणि हळू हळू, मला समजेल असं बोलली, "हे तू उघडायचं नाही. कॉलेजनंच उघडायचं."

माझ्याबद्दल लिहिलंय आणि मीच वाचायचं नाही? खोलीवर येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. डुलकीचं लिहिलं असेल. परीक्षेत दोनदा नापास झालो ते लिहिलं असेल. समोर गोड बोलून आत ओला माल भरला असेल. नेपाळी पोरगा कांदा चिरत होता. म्हणाला, "भाई, मत खोल. ये बंद ही देते हैं. खुला तो गया." मी म्हटलं, हाव, नाही उघडत. तो आंघोळीला गेला तसा मी भाताच्या कुकरचं झाकण उचललं आणि पाकीट वाफेवर धरलं. तोंड सुटलं. मोबाइलचा कॅमेरा त्या अक्षरांवर धरला की खाली मोडकीतोडकी भाषा उमटते, तशी उमटली. 'हा विद्यार्थी हळू शिकतो. एकच प्रश्न तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा विचारायला लाजत नाही. असा माणूस गाडीचा नट ढिला सोडणार नाही. कृपया याला घ्यावं.' मी चारदा वाचलं. मग वाटलं, मोबाइलच चूक सांगत असेल. मग शितं घेऊन पाकीट चिकटवलं, आपण घरी चिकटवायचो तसंच. पण वाफेनं शाई पसरली होती, आणि शिक्क्याचे दोन अर्धे काही केल्या जुळेनात.

तेव्हा तुमची फार आठवण आली, आणि रागही आला. सातवीत सरांनी मला कंपासपेटी दिली होती. तुम्ही विचारलं, "कोणं देली?" सरनं. "काऊन देली?" मला काय माहीत. "फुकट देते का कोणी?" दुसऱ्या दिवशी तुम्ही माझा हात धरून वडनेरच्या शाळेत आले. वर्गाच्या दारात उभे आहात, टोपीवर कापसाचे तंतू आहेत, पेटी पुढे धरली आहे. "गुरुजी, या पोट्ट्यानं चोरून त नाही आणली?" सर म्हणतात, "मीच देली हो. पोट्टं वर्तुळ चांगलं काढते." आणि सगळा वर्ग हसतो. येताना तुम्ही मला भजी घेऊन दिली. त्या दिवसापासून पोरं मला 'ए चोट्ट्या' म्हणायला लागली, आणि मी शाळेच्या नावानं निघून नांदुऱ्याच्या स्टेशनवर मालगाड्या मोजत बसायला लागलो. पुढल्या वर्षी तुम्हीच गेले. भांडायला कोणी राहिलं नाही. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की माझं शिकणं तुमच्या त्या एका प्रश्नानं बुडालं.

दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन मॅडमसमोर उभा राहिलो. तिनं ते उजेडात धरलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं, कोरड्या शितावर थांबली. 'तू उघडलं का' असं तिनं विचारलं नाही. "कोणी उघडलं?" एवढंच विचारलं. आणि मी, बाबा, एक क्षणही न थांबता म्हणालो, "माझ्या खोलीतल्यानं. मी झोपलो होतो." तिनं मान हलवली. नवं पत्र लिहिलं, नवा शिक्का मारला आणि या वेळी ते स्वतःच पोस्टात टाकलं. मला प्रवेश मिळाला.

तुम्ही संशय घेतला तो निदान माझ्यादेखत, दारात उभं राहून. उत्तर चुकीचं निघालं तर तिथंच निघालं. मी तेवढंही केलं नाही. ज्याच्या हातचा डाळभात खाल्ला त्याचं नाव त्याच्यामागं सांगून आलो. म्हणून आता तुमच्यावर राग धरायला मला तोंड नाही, हे लिहायलाच बसलो होतो.

पण एवढ्यानं होत नाही. त्याचाही अर्ज आहे, शिजवायला शिकवतात त्या कॉलेजचा. शेवटची तारीख येत्या शुक्रवारी आहे आणि मॅडमनं त्याचं पत्र अजून लिहिलेलं नाही. आज रविवार, आम्ही दोघं कपडे वाळत घालत होतो. त्यानं विचारलं, "भाई, मॅडम मुझसे आजकल सीधा बात नहीं करती. मैंने कुछ किया क्या?" मी चादरीचं दुसरं टोक धरलं होतं. मी म्हटलं, "नहीं रे. काम में होगी."