कंप्युटर पक्षपात करत नाही

१० जून २०१८, रविवार. लातूर.
आजपासून पायथन. निर्णय पक्का. साप नव्हे, कंप्युटरची भाषा. सौदामिनीला हे दोनदा सांगावं लागलं. तरी ती म्हणालीच की या वयात कशाला.

कारण लिहून ठेवतो. आमच्या कोचिंग क्लासमध्ये दर रँक टेस्टनंतर बॅचेस नव्याने लागतात. वरची साठ मुलं स्टार बॅचला. त्यांना एसी हॉल, हैदराबादहून आणलेले फिजिक्सचे सर. मधली मुलं खालच्या हॉलमध्ये, शेवटची गच्चीवर पत्र्याखाली. टेस्ट इनचार्ज मी आहे, पण यादी ऑफिसातली माणसं हाताने लावतात. आणि सर्वेश दर वेळी पत्र्याखाली जातो. माझा मुलगा! ज्याच्या रक्तात गणित आहे तो! यादीतच कुठेतरी घोळ आहे हे मी वर्षभर म्हणतोय. कंप्युटर पक्षपात करत नाही. तो एकदा यादी लावू दे, मग बघू कोण कुठे बसतं.

११ जून, सोमवार.
शेषेराव सर, म्हणजे क्लासचे मालक, पुण्याच्या एका कंपनीकडून सॉफ्टवेअर घेणार होते. मी म्हटलं, घरचं माणूस असताना पुणे कशाला? त्यांनी विचारलं, तुम्हाला येतं का. मी म्हटलं, १९९३ सालीच नांदेडला कंप्युटर कोर्सला नाव घातलं होतं. भूकंप झाला आणि राहून गेलं, नाहीतर आज मी कुठल्या कुठे असतो.

शेषेराव सर मूळचे किल्लारीचे. म्हणाले, आमचं तर घरच गेलं होतं सर. माझा मुद्दा त्यांना कळला नसावा. पण काम मला दिलं. जुलैच्या टेस्टची यादी माझ्या प्रोग्रॅमने लागणार.

घरी हे सांगितलं तर सौदामिनी म्हणाली की भूकंप किल्लारीला झाला, क्लास नांदेडला होता, आणि तुम्ही तो पोळ्याच्या आधीच सोडला होता. बायकांना तारखा फार लक्षात राहतात.

१७ जून, रविवार.
औसा रोडला झेरॉक्सच्या दुकानावर धम्मप्रियाचा क्लास आहे. मुलगी बँकेत कंप्युटर विभागात नोकरीला, रविवारी शिकवते. नांदेडला मी शिकवायचो त्या शाळेत होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, हिचं गणित मीच पक्कं केलं. ती नमस्कार करून म्हणाली, सर, मी दुसऱ्या तुकडीत होते. असो. एकाच शाळेची हवा.

आज स्ट्रिंग. कोटेशन मार्कात जे घालाल ते स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ. एकदा तयार झाली की तिच्यातलं अक्षर बदलता येत नाही, पाहिजे तर नवी करा. पण दोन स्ट्रिंगमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की त्या जोडल्या जातात. मी लगेच करून पाहिलं. ‘डॉ.’ अधिक ‘सर्वेश मुरुडकर’. स्क्रीनवर अक्षरं उमटली. बाकीची पोरं पुढे गेली तरी मी बघत बसलो. लॅपटॉप घरी आणून सर्वेशला दाखवलं. त्याने बघितलं, म्हणाला, पप्पा, मला जरा बोलायचंय. मी म्हटलं, आधी हे बघ, मागे एमबीबीएसपण जोडता येतं. तो पाणी प्यायला गेला तो बाहेर आलाच नाही.

२० जून, बुधवार.
रोज पहाटे प्रॅक्टिस करायचं ठरलं आहे. आज नळाला पाणी येणार होतं म्हणून नाही. काल लाईट नव्हती. परवा तयारी.

२४ जून, रविवार.
आज लिस्ट. अनेक गोष्टी एकापुढे एक, चौकोनी कंसात. हिच्यात बदल चालतात. अपेंड म्हटलं की मागे जोडते, सॉर्ट म्हटलं की क्रमाने लावते. मी स्वभावाने लिस्ट आहे, सौदामिनी स्ट्रिंग. तिला हे सांगितलं. म्हणाली, गॅस बुक करा.

एक भांडण झालं. लिस्टमधला पहिला नंबर म्हणजे शून्य, असं धम्मप्रिया सांगून राहिली. मी उठून उभा राहिलो. पहिल्या आलेल्या मुलाला शून्य म्हणायचं? लातूरमध्ये? त्याच्या आईवडिलांना काय तोंड दाखवायचं? ती म्हणाली, सर, तिथून मोजायला सुरुवात होते इतकंच. एक सोळा वर्षांचा पोरगा हसला. गणितात शून्याचं महत्त्व मी त्याला पाच मिनिटांत समजावलं. तोवर बाकीच्यांनी एक्झरसाइज संपवला होता.

१ जुलै, रविवार.
क्लासला गेलो नाही. शिरूर अनंतपाळला चुलतभावाची घरभरणी. धम्मप्रियाचा फोन आला की सर, आज आकडा आणि स्ट्रिंग यांतला फरक आहे, चुकवू नका, फाइलमधून मार्क घेताना लागेल. मी मनातल्या मनात हसलो. बावीस वर्षं गणित शिकवलं. आकडा म्हणजे काय हे मला शिकवायची वेळ अजून आलेली नाही. जेवण उत्तम होतं. सगळ्यांना सांगितलं की सध्या प्रोग्रॅमिंगमध्ये आहे.

सर्वेश सोबत होता. त्याचा मामा त्याला विचारत होता, मेडिकलचं कसं चाललंय? मीच उत्तर दिलं.

५ जुलै, गुरुवार.
प्रोग्रॅम लिहिला. चालला नाही. लाल अक्षरांत काहीतरी आलं. उकाड्यात लॅपटॉपला पण सुचत नाही.

९ जुलै, सोमवार.
अजून लाल. दिवसभर घरात येरझाऱ्या. सौदामिनी म्हणाली, एक तर बसा, नाहीतर दळण घेऊन या. दळण आणलं. गिरणीत उभा असताना सुचलं! कंस लावायचाच राहिला होता. घरी येऊन लावला आणि चालला. माणसाने चालत राहावं.

१५ जुलै, रविवार.
रँक टेस्ट झाली. सातशे वीस मार्कांची. सर्वेशला म्हटलं, बिनधास्त जा, या वेळी यादी कंप्युटर लावणार आहे. तो म्हणाला, म्हणूनच टेन्शन येऊन राहिलंय. चेष्टेखोर झालाय हल्ली.

१६ जुलै, सोमवार. दुपारी.
लिहिलंच पाहिजे.

ऑफिसने मार्कांची फाइल दिली. प्रोग्रॅम लावला. सॉर्ट, उलट्या क्रमाने, मोठा वर. एंटर. यादीत फक्त नाव आणि हॉल येतो. मार्क आम्ही छापत नाही, पालकांच्या मारामाऱ्या होतात. पहिलं नाव: सर्वेश वसंतराव मुरुडकर.

पहिलं! पुन्हा लावला, तेच. तिसऱ्यांदा लावला, तेच. कंप्युटरला मी कोणाचा बाप हे माहीत नाही. म्हणजे हे खरं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. वर्षभर माझ्या पोराला पत्र्याखाली बसवलं या लोकांनी.

संध्याकाळी.
सर्वेशला मिठी मारली. तो घाबरल्यासारखा दिसला. म्हणाला, पप्पा, काहीतरी चुकलंय, मला अठ्ठ्याण्णव आहेत. अठ्ठ्याण्णव! मी म्हटलं, शाब्बास रे माझ्या वाघा. तो म्हणाला, पप्पा ऐका ना, सातशे... मी चप्पल घालून पेढे आणायला निघालो होतो. परत आलो तेव्हा तो झोपला होता. संध्याकाळीच. अभ्यासाचा शीण.

१७ जुलै, मंगळवार.
यादी बोर्डावर लागली. स्टार बॅचला या वेळी बरेच नवे चेहरे आहेत. दबलेली गुणवत्ता वर आली. शेषेराव सरांनी विचारलं, सर, ही पोरं कशी काय वर? मी म्हटलं, हेच तर आतापर्यंत दिसत नव्हतं.

नांदेडला मेहुण्यांना फोन केला, धर्माबादला मावशींना पण. मावशी म्हणाल्या की आता त्याच्याकडेच गुडघा दाखवीन.

मग कोपऱ्यावरच्या खांबाला फ्लेक्स लावून घेतला. सर्वेशचा दहावीतला फोटो, पांढरा कोट कंप्युटरवर चढवून. खाली ‘रँक टेस्टमध्ये प्रथम. शुभेच्छुक: मुरुडकर परिवार’. सौदामिनीने विचारलं, मार्क किती ते तरी कळू दे. मी म्हटलं, रँक आल्यावर मार्क कोण विचारतं.

१८ जुलै, बुधवार.
सर्वेश शाळेच्या मागच्या रस्त्याने क्लासला जातो म्हणे, कोपऱ्यावरून जात नाही. पोरगा साधा आहे. कौतुक सोसत नाही.

हैदराबादचे सर मात्र चिडलेत. स्टार बॅचला प्रश्न विचारला तर कोणी तोंड उघडेना. सगळे वहीत बघत बसले. मी म्हटलं, तुमच्या भाषेचा प्रश्न असेल. ते म्हणाले, प्रश्न मी फळ्यावर लिहिला होता.

१९ जुलै, गुरुवार.
उदगीरचे गुरुपादप्पा आले होते. त्यांची मुलगी जगदेवी कायम पहिल्या पाचांत. या वेळी खालच्या हॉलमध्ये. ऑफिसातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले की लेकरू सहाशे बारा मार्क घेऊन आलं, अन् तुम्ही त्याला मागं ढकलून राहिले, हे काय हाय? लई दुरून येऊन राहिलंय ते रोज, एसटीनं. दोन दिस झालं जेवलं न्हाई.

मी शांतपणे सांगितलं की कंप्युटर पक्षपात करत नाही. ते म्हणाले, मग त्याला इचारा. 



२० जुलै, शुक्रवार.
शेषेराव सरांनी धम्मप्रियाला बोलावून घेतलं. मी म्हटलं, गरज नव्हती. ती बँकेतून अर्धी सुट्टी टाकून आली, खुर्ची ओढली, माझा प्रोग्रॅम वरपासून खाली वाचला. मग विचारलं, सर, एक तारखेला तुम्ही आला नव्हता ना?

तिने समजावलं. शेषेराव सर, गुरुपादप्पा, ऑफिसातली माणसं, सगळे उभे होते. फाइलमधून आलेला आकडा कंप्युटरला आकडा वाटत नाही, स्ट्रिंग वाटते. स्ट्रिंग तो डिक्शनरीतल्या शब्दांसारख्या लावतो, आधी पहिलं चिन्ह बघतो. सहाशे बाराचं पहिलं चिन्ह सहा. अठ्ठ्याण्णवचं पहिलं चिन्ह नऊ. नऊ मोठा, म्हणून अठ्ठ्याण्णव वर. पहिलंच वेगळं निघालं की बाकी तो बघतच नाही. नव्वदीतली, ऐंशीतली सगळी पोरं अशीच जगदेवीच्या वर जाऊन बसली. मार्कांना आधी ‘इंट’ म्हणून आकडा करून घ्यायचं असतं. एवढाच एक शब्द.

तिने तो घातला आणि एंटर मारला. स्टार बॅच नीट लागली. जगदेवी वर आली. मी यादी खाली सरकवत गेलो. हॉल संपला, दुसरा संपला. पत्र्याखालच्या नावांत सर्वेश होता, बराच खाली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गुरुपादप्पा जाताना माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, चुकतंय माणसाचं. काम पुण्याच्या कंपनीला गेलं.

२१ जुलै, शनिवार.
क्लासला गेलो नाही. ताप नाही. तापासारखं वाटलं.

सकाळी ठरवलं होतं की धम्मप्रियाकडे पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. मग ठरवलं की फाइल चुकीच्या प्रकारे दिल्याबद्दल ऑफिसला पत्र लिहायचं. दुपारपर्यंत दोन्ही बारगळलं.

संध्याकाळी फ्लेक्स काढायला गेलो. स्टुलावर चढूनही हात पुरेना. सर्वेश आला. त्याला कोणी सांगितलं माहीत नाही, सौदामिनीनेच असेल. म्हणाला, उतरा पप्पा, पडाल. तो वर चढला. तारा सोडवल्या, स्वतःचा तो पांढऱ्या कोटातला फोटो गुंडाळला आणि खाली दिला. मी म्हटलं, पुढच्या टेस्टला बघू. तो स्टुलावरच उभा राहिला, खाली उतरेना. वरूनच म्हणाला, पप्पा, मला डॉक्टर व्हायचं नाही. मला हे जमत नाही आणि आवडत पण नाही. मी म्हटलं, घरी चल, आई वाट बघतेय. तो म्हणाला, आधी ऐकलं म्हणा. रस्त्याने माणसं जात होती. मी म्हटलं, ऐकलं. मग तो उतरला.

जेवताना त्याने पोळी मागून घेतली, बऱ्याच दिवसांनी.

मी स्वतःला ओळखतो. सकाळी उठलो की मला वाटेल, पोरगं चिडून बोललं, आठ दिवसांत विसरेल. तसं वाटू नये म्हणून तारीख टाकून लिहितो आहे. सर्वेशला डॉक्टर व्हायचं नाही. हे त्याने मला आधीही सांगितलं असणार. मी पेढे आणायला गेलो होतो.