लपवलेली पिन

३ मार्च, सकाळी ९.४०
साहेबांनी सर्किट सॉफ्टवेअरमधल्या सिम्बॉलचं, म्हणजे प्रत्येक चिपचं चिन्ह काढायचं काम माझ्याकडे सोपवलं. शेवटी गुण ओळखले म्हणायचे. संकल्प : आठवड्याला पन्नास. इनपुट डावीकडे, आउटपुट उजवीकडे. बघणाऱ्याचे डोळे निवले पाहिजेत.

१४ मार्च
एक झाला. पण काय झालाय! चिपला वीज देणारी पॉवरची पिन चौकटीची शोभा घालवत होती, लपवून टाकली.

१५ मार्च
बोर्डावर भाग मांडणाऱ्या लेआउटवाल्या बाईंनी (एकोणीस वर्षं इथेच) खोट काढलीच. म्हणे, लपवलेली पिन सॉफ्टवेअर आपणहून पाच व्होल्टला जोडतं, ही चिप तीनवर चालते. मी म्हटलं, बाई, जरा सौंदर्यदृष्टी ठेवा. परत स्क्रीनकडे वळल्या. पटलं असणार.
घरी बायकोला दाखवला. म्हणाली, चौकोन आहे.

२ एप्रिल
हृदयाचे ठोके मोजायच्या मशीनचे तीस बोर्ड आले. चालू केले. तीसही जळाले. शर्टाला अजून वास येतोय. साहेब कडाडले, कुणी केलं? मी खोटं बोललो नाही. शेवटचा हात बाईंचा होता, एवढंच सांगितलं.

३ एप्रिल
बाईंना काढलं. वाईट वाटलं. जाता जाता मला म्हणाल्या, निदान ती पिन तरी उघडी करा. काय हा हेका! त्यांचं टेबल खिडकीशी आहे. दुपारी बसून पाहिलं, उजेड छान येतो.

५ एप्रिल
पिन उघडी करणं दोन मिनिटांचं काम. पण आता केली तर बाईंना उगाच काढलं असा कंपनीवर ठपका येईल. कंपनीसाठी तेवढं सोसतो.

२६ एप्रिल
दुसरे तीस. तेही गेले. या वेळी बाई नव्हत्या, हीच पंचाईत.

२७ एप्रिल
साहेबांनी बाईंना परत बोलावलं. माझ्या वरच्या जागेवर. त्यांनी सिम्बॉल नव्याने काढला. अकरा मिनिटांत. घाईचं काम, दुसरं काय.

१५ मे
नवे बोर्ड चालले. योगायोग.
साहेब मला काढायलाच निघाले होते. बाई म्हणाल्या, राहू दे बिचारा, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि तारीख टाकेल. माझ्याशिवाय त्यांचं अडतं, हे उघड आहे.

१८ मे
पहिलं ड्रॉइंग दिलं. तारीख चुकली होती. बाईंनी ड्रॉइंग पुढ्यात ओढलं. स्वतःच दुरुस्त केली.