अर्धं नाव

१४ जुलै, सोमवार

खोली मिळाली एकदाची!

लातुरात आजवर जिथं गेले तिथं पूर्ण नाव सांगितलं — अंजुम शेख, देवणीची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. प्रत्येक ठिकाणी खोली 'कालच गेलेली'. आज वर्गातली रुद्राणी सोबत आली. घरमालकीण शांतम्मा, लिंगायत, एकट्याच राहतात. मुलगा पुण्याला. मी तोंड उघडायच्या आत रुद्राणी म्हणाली, ही अंजू, आम्ही दोघी राहू. त्यांनी एवढंच विचारलं — मटन-बिटन? मी म्हटलं, न्हाई अम्मा, इथं न्हाई.

खोटं काही बोलले नाही. खरंही नाही.

१९ जुलै

अंगणात होते आणि अम्मीचा फोन आला. सलाम करायचा सोडून 'हां, बोल आई' म्हणाले. पलीकडून अम्मी हळूच — 'कौन है बाजू में?'

नमाज खाटेवर बसून, ओठ न हलवता. भिंतीपलीकडं त्याच वेळेला अम्मा गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसतात. त्यांचं पुटपुटणं इकडं ऐकू येतं. म्हणजे इकडचंही तिकडं जात असणार.

आज भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून दिली. 'लई वाळलीस, खा.' त्या चांगल्या आहेत. त्याचीच जास्त भीती वाटते.

२७ जुलै, रविवार

बाजारात मारामारी झाली. मोबाईलवरच्या कुठल्याशा पोस्टवरनं. दुकानांची शटरं खाली.

गल्लीतला सिद्धराम — दुधाची डेअरी आहे त्याची, मंडळाचाही तोच पुढारी — ओट्यावर बसून अम्मांना सांगत होता की ते लोक जास्त किराया देऊन आपल्या गल्लीत घुसायलेत, कोण कुठं राहतो ते बघावं लागतंय. मी दोरीवरचे कपडे काढत होते. हात थांबू दिले नाहीत. अम्मा म्हणाल्या, ते ऱ्हाऊ दे, दूध किती पातळ देऊन राहिलास तू. तो हसला. जाताना माझ्याकडं बघून गेला. का बघितलं?

२८ जुलै

रुद्राणी म्हणाली, तिच्या बापाला कळलं तर कॉलेज बंद, सरळ रेणापूरला परत. तीही घाबरलेली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

४ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार, अम्मांचा उपास. रुद्राणी ड्युटीला, मला सुट्टी. दुपारी हाक मारली तर ओ नाही. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेल्या, घामानं निथळत, काहीतरी कानडीत बडबडत. मला ओळखेनात. ओट्यावर गोळ्यांची पट्टी. मधुमेहाची गोळी घेतली आणि पोटात अन्नाचा कण नाही! त्यांच्याच मशीननं रक्तातली साखर बघितली — अडतीस. गिळता येईना, म्हणून पाणी पाजलं नाही. चिमूट चिमूट साखर गालात चोळली आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

शेजारचे काका रिक्षा घेऊन आले. म्हणाले, मी नेतो, तू घर बघ पोरी. जवळचा दवाखाना कुठला, तर आमच्याच कॉलेजचा. तिथं मला सगळे आडनावानं ओळखतात. क्षणभर वाटलं, राहावं घरी. कुणी नावं ठेवली नसती. पण काकांना गोळी कुठली, कधी घेतली, काहीच माहीत नाही. बसले रिक्षात. अम्मांचं डोकं मांडीवर. रस्ताभर दोन भीती — या जातात की काय, आणि या शुद्धीवर येतात की काय.

दुसरी भीती लिहितानाही लाज वाटते.

सलाईनमधून साखर गेली. कुणीतरी अंगावरचं काढून ठेवताना गळ्यातल्या लिंगाला हात घातला. मी ओरडलेच — ते काढू नका, त्या ते कधी काढत नाहीत! तेव्हा वॉर्डातल्या सिस्टर दारातून म्हणाल्या, 'शेख, आवाज कमी. आणि आलीच आहेस तर बीपी घे.'

अम्मांचे डोळे उघडे होते.

५ ऑगस्ट

त्या गोळीनं साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलंय. मी चहा घेऊन गेले.

'शेख कोण?'

'मी. अंजुम.'

'रुद्राणीला ठाऊक हाय?'

'हाव.'

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. चहा तसाच.

७ ऑगस्ट

अम्मा घरी आल्या. मुलाला फोनवर सांगत होत्या, आता बरं हाय. माझं काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघराला कडी घातली. आजवर कधी घातली नव्हती.

मी म्हटलं, रविवारी जाते. त्या म्हणाल्या, 'फसवलंत मला दोघींनी. माझ्याच घरात.' मला सांगायचं होतं की खरं सांगून किती दारं बंद झाली ते. नाही सांगितलं. त्या बरोबरच बोलत होत्या. आणि मला रागही आला होता. दोन्ही एकदम.

१० ऑगस्ट, रविवार

बॅग भरलेली. रिक्षा बोलवायची तेवढ्यात सिद्धराम आला, सोबत मंडळाचे दोघे. घरोघरी किरायेदारांची नावं विचारून राहिले होते. आम्ही दाराआड. रुद्राणीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. मला वाटलं, अम्मा 'अंजू' म्हणतील. किंवा 'ती चाललीय आजच' म्हणतील. तेही खरंच होतं.

'एक रुद्राणी, रेणापूरची,' अम्मा म्हणाल्या. 'दुसरी अंजुम शेख. देवणीची.'

सिद्धराम म्हणाला, 'शेख? काकू, तुम्हाला ठाऊक हाय ना काय बोलून राहिल्या?'

'हाव. तिनं दवाखान्यात नेलं म्हणून बसलेय मी इथं. तुला काय बोलायचं ते माझ्याशी बोल. पोरींना हाक मारायची न्हाई.'

सगळी गल्ली बघून घेईल, अशी धमकी देऊन ते गेले. अम्मा आत आल्या आणि मटकन खाली बसल्या. पाणी मागितलं. स्वयंपाकघराची कडी मीच काढली, आत गेले, पाणी दिलं. प्यायल्या.

मी विचारलं, का सांगितलं अम्मा? मी तर चालले होते. अंजू म्हटलं असतं तर भागलं असतं.

त्या म्हणाल्या, 'खोटं मला जमत न्हाई. आन् तू कुठं जाणार हाईस? तिथं पुन्हा अंजूच ना?'

बॅग पुन्हा रिकामी केली. पण आता सगळ्या गल्लीला माझं नाव माहीत आहे. इतकी भीती आजवर वाटली नव्हती.

११ ऑगस्ट

दारात कुणीतरी घाण टाकली होती. अम्मांनी आम्हाला हात लावू दिला नाही. स्वतः धुतली. कॉलेजला जाताना मान वर केली नाही.

१३ ऑगस्ट

दुपारी मागच्या दारानं सिद्धरामची बायको आली, वर्षाराणी. आठवा महिना. डोकं फुटायलंय, डोळ्यापुढं चमकायलंय, सासू म्हणते होतंय असं. बीपी बघितलं — एकशे सत्तर. पुन्हा बघितलं, तेवढंच. तिला अम्मांजवळ बसवलं आणि सिद्धरामच्या डेअरीवर गेले. म्हटलं, मी अंजुम शेख. तुमच्या बायकोला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यावं लागेल. तो गल्ल्यामागून बाहेर आला, अनवाणीच. 'ताई, तुम्ही येता ना सोबत?'